मूकपटाचा पहिला दिवस

१२ डिसेंबर, शुक्रवार. संध्याकाळ.
उद्या शूटिंगचा पहिला दिवस. आणि शेवटचाही. चौदा शॉट्स, एका दिवसात. जमेल.
फिल्म सात मिनिटांची. एकही संवाद नाही. म्हातारी आई तळ्याकाठी येते, पोराला फोन लावते, तो उचलत नाही, ती परत जाते. बस. समजणाऱ्याला समजेल.
अण्णांशी, म्हणजे वडिलांशी, ठरलंय. रविवारी संध्याकाळी त्यांना फिल्म दाखवायची. पटली तर पुण्याचा फिल्म कोर्स. नाही पटली तर सोमवारपासून मोंढ्यातल्या आमच्या खत-औषधांच्या दुकानात बसायचं. मी लगेच हो म्हणालो. तशी वेळ येणारच नाही.
संकल्प : सेटवर कमीत कमी बोलायचं. नजरेने काम करून घ्यायचं.

१३ डिसेंबर, शनिवार. सकाळी ७.१०.
पाली. धरणाचा काठ. ऊन कोवळं, पाणी शांत. आईचं काम करणाऱ्या केसरबाई इथल्याच. साडेसहापासून लुगडं नेसून, शाल पांघरून बसल्यात. स्वप्नाली क्लॅप आणि स्क्रिप्ट घेऊन हजर.
कॅमेरावाला त्रिंबक अजून आलेला नाही. एरवी तो लग्नांचं शूटिंग करतो. काल रिसेप्शन होतं म्हणे. फोन उचलत नाही.

९.००
त्रिंबक आला. पण काठाची जमीन सुंदररावांची. परवानगी गुरुवारीच मिळाली होती, तरी त्यांचा सत्कार न करता त्यांच्या रानात कॅमेरा लावणं बरं दिसत नाही. पूजा आटोपून येतो असा त्यांचा निरोप आहे. एक शाल, एक नारळ आणलाय. पाच मिनिटांचं काम.

११.१५
सुंदरराव आले. सोबत अकरा माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि माईक. शाल दिसली आणि त्रिंबकने न सांगता कॅमेरा सुरू केला. अकराही जणांचे चेहरे डावीकडून उजवीकडे घेतले. हाताला सवय. मी अडवलं नाही. मेकिंगच्या व्हिडिओला उपयोगी पडेल.

१२.४०
गावातल्या दुसऱ्या गटाचे सुग्रीव आले. पाण्याकडे जायची वाट त्यांच्या बांधावरून आहे, मग आमाला कावून वगळलं, असं त्यांचं म्हणणं. बरोबरच होतं. दुसरी शाल नव्हती, म्हणून केसरबाईंच्या अंगावरची काढून त्यांना घातली. ते ती घेऊन घरी गेले. केसरबाई काहीच बोलल्या नाहीत. भूमिकेत शिरल्यात.

२.३०
सुंदररावांकडे पिठलं-भाकरी. नाही म्हणणं शक्य नव्हतं. पहिली बॅटरी संपली. शॉट्स : शून्य. काळजी नाही. दुपारच्या उन्हात तसंही कोणी शूट करत नाही.

५.५५
अंधारून आलं. नीट लिहून ठेवतो, पुढे मुलाखतीत विचारतील.
जेवणानंतर गावाने काठावर उलट आमचाच सत्कार ठेवला. मला फेटा बांधला. सुंदरराव माईकवर म्हणाले, "डायरेक्टर सायेब, दोन शब्द बोला." आता मूकपट म्हणजे काय हे दोन शब्दांत कसं सांगणार? चाळीस मिनिटं बोललो. विषय : सिनेमातलं मौन. कुणी चकार शब्द काढला नाही. दोघे झोपले, पण ते सकाळपासून कापूस वेचून आले होते.
स्वप्नाली समोरून सारखी घड्याळ दाखवत होती. वेळ कसा गेला कळलंच नाही, असं तिला म्हणायचं असावं. त्रिंबकने एकदाही कॅमेरा हलवला नाही. दुसरी बॅटरी माझ्या शेवटच्या वाक्याला संपली.
शॉट्स : शून्य. पण युनिट एकजीव झालं. पाय फार दुखतायत.

१४ डिसेंबर, रविवार. संध्याकाळ.
आज त्रिंबकला लग्नाची ऑर्डर. पुन्हा शूटिंग अशक्य. होतं तेच अण्णांना लॅपटॉपवर दाखवलं. दृष्टी असली की कच्च्या मालातही दिसते.
सत्कार त्यांनी मागे टेकून पाहिले. माझं भाषण सुरू झालं तसे पुढे वाकले. मला बरं वाटलं. मग लक्षात आलं, ते माझ्याकडे बघत नव्हते.
माझ्या फेट्यामागे, पाण्याच्या कडेला, केसरबाई. बसून कंटाळल्या असतील. कुणी न सांगता त्यांनी आपलं काम सुरू केलं होतं. फोन कानाला. बराच वेळ तशाच उभ्या. मग फोनकडे बघितलं, तो पदराने पुसला, पुन्हा लावला. पुन्हा उभ्या. मग वळल्या. अर्धं अधिक माझ्या तुऱ्याआड गेलंय.
अण्णांनी तिथेच थांबवलं.
"ही बाई कोण हाय?"
सांगितलं.
"मग कॅमेरा तिच्याकडं कावून न्हाई नेला?"
मी म्हणालो, तेव्हा मी बोलत होतो ना.
अण्णा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तेवढा तुकडा पुन्हा दोनदा पाहिला, डोळे पुसले आणि दुकानाच्या शटरची किल्ली माझ्यासमोर ठेवली. मला रडू आलं. थकव्याने असेल.

१५ डिसेंबर, सोमवार. सकाळी ९.४०.
दुकान. पहिलं गिऱ्हाईक आलं. हरभऱ्यावर अळी पडलीय, औषध द्या म्हणालं. मी अळीची मूळ समस्या समजावून सांगायला घेतली. वीस मिनिटं झाली असतील. मान वर केली तर ते समोरच्या दुकानातून बाटली घेऊन निघालं होतं.