हनुवटीवरचं गोंदण

प्रिय माय,

परवा आपल्या धाकट्या रेखाचं लग्न आहे, म्हणून आज तुला लिहायला बसले. मांडवात तुझा फोटो ठेवायचा आहे. बाबांचा हट्ट असा, की तू एकटी नकोस, आपण चौघं एकाच फोटोत हवेत. तसा एकही फोटो घरात नाही. काढणारी मीच असायचे ना! आणि तू? कॅमेरा दिसला की चुलीकडे पळायचीस. किती राग यायचा मला तुझा!

देवरीतल्या माझ्या स्टुडिओत हे काम रोजचंच. कोणाच्या आजोबांना कोट चढव, कोणाच्या वारलेल्या नवऱ्याला बायकोशेजारी बसव, मागे गुलाबाची बाग लाव. लोक डोळे पुसत फ्रेम घेऊन जातात. तुझं काम मात्र आठ दिवस अडून बसलं.

बाबांच्या शेजारची जागा मोकळी सोडून आम्हा तिघांचा फोटो काढला. त्या जागी कॉम्प्युटरमधल्या तयार निळ्या साडीच्या चित्रावर तुझा पासबुकाच्या फोटोतला चेहरा बसवला. उजेड जुळवला, सावलीही पाडली. बाबांनी कॉम्प्युटरवर बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "पोरी, हे कोन बाई बसवली माह्या बाजूले?"

तुझ्या हनुवटीवर गोंदण नव्हतं, माय.

मीच पुसलं होतं ते. आठवतं? बचत गटाच्या पासबुकासाठी तुला ओढून स्टुडिओत आणलं होतं. मी तेव्हा नवीनच शिकले होते. दिसेल तो डाग काढायचा, चेहरा उजळ करायचा, हीच आमच्या धंद्याची रीत. फोटो हातात घेऊन तू विचारलंस, "माहं गोंदण काऊन पुसलंस वं?" मी हसले. म्हटलं, "चांगली तं दिसून राहिलीस!" तेव्हाच एक चापट का नाही दिलीस? मूळ फोटोवरच मी तो पुसलेला सेव्ह केला होता, म्हणून गोंदण दिसेल असा तुझा एकही फोटो उरला नाही. आधार कार्डावरची तू तर मलाही ओळखू येत नाहीस.

आता ते गोंदण पुन्हा काढायला बसले, तर ठिपके किती तेच आठवेना! तीन? पाच? बाबांना विचारलं. "रोजचं तोंड कोन मोजते?" म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले. मला माझीच लाज वाटली.

काल चिचगडहून मावशी आली. गोंदणारणीने तुम्हा दोघी बहिणींना एकाच दिवशी गोंदलेलं, म्हणून तिच्या हनुवटीचा जवळून फोटो घेतला. तीन हिरवे ठिपके. ते उचलून तुझ्या चेहऱ्यावर ठेवले, तर मावशी म्हणाली, "तुह्या मायले चार होते. चौथ्याच्या बखती मी रडत पळाली. ती बसून राहिली."

"कुठे होता चौथा?"

तिने कॉम्प्युटरकडे पाहिलंच नाही. माझी हनुवटी धरली आणि खालच्या बाजूला नख टेकवलं. "अठी."

तुझ्या फोटोत मी तिथेच चौथा ठिपका दिला. बाबांना हाक मारली. ते खुर्ची ओढून अगदी जवळ बसले, आणि मग कितीतरी वेळ उठलेच नाहीत.

माय, चुकले मी. यापुढे कोणाचा तीळ, व्रण, गोंदण त्याला विचारल्याशिवाय पुसणार नाही. आणि कोणी पुसायला सांगितलंच, तरी मूळ फोटो वेगळा जपून ठेवीन. त्यांच्या लेकींना कधीतरी लागेल.

तुझी थोरली,
सुनीता