एकोणचाळीस मतं

मोशी, रविवार, ८ फेब्रुवारी

प्रिय साबिया,

दापोडी काही सातासमुद्रापार नाही. दोन बस बदलल्या की तुझ्या अम्मींच्या दारात. तरीही पत्र लिहितेय म्हटल्यावर तू म्हणशील, दीपा कामातून गेली. फोन तीनदा लावला आणि तीनदा तू उचलायच्या आत बंद केला. समोर आले तर तू चहा टाकशील, अम्मी ऑपरेशन झालेला गुडघा दाखवतील, आणि मी इकडचं तिकडचं बोलून परत येईन. मी स्वतःला चांगली ओळखते.

सकाळी कपडे भिजवले, ते अजून बादलीतच आहेत. हल्ली सुट्टीच्या दिवशी बसले की बसूनच राहते. प्रचारात जिने चढून पाय भरून आले होते म्हणावं, तर प्रचार संपून तीन आठवडे होऊन गेले. कंपनीत पहिली शिफ्ट आणि वर ओव्हरटाइम चालू आहे. घरी आल्यावर कुणी हाक मारली तरी राग येतो. फक्त सुपरवायझर मजेत आहे. त्या बोक्याला नाव तूच ठेवलंस: काम काही करायचं नाही, सगळीकडे फिरून नुसतं बघायचं. प्रचाराच्या शेवटच्या दिवशी तो पळाला होता, हे तुला माहीत नाही. रिक्षावरचे भोंगे आणि फटाके ऐकून खिडकीतून जो उडाला तो गेलाच. मी कुणाला बोलले नाही. तुझी निवडणूक तोंडावर आलेली, त्यात मांजराचं रडगाणं कोण ऐकणार?

आपल्याला कुणी सांगितलं होतं गं महापालिकेच्या निवडणुकीला उभं राहायला? गिरजाबाई गल्लीतल्या उघड्या गटारात पडल्या, हात मोडला. झाकणासाठी आपण सहा अर्ज केले, आणि सातवा लिहिताना तू गळ्यातली टेप काढून टेबलावर आपटलीस, म्हणालीस, आता मीच उभी राहते. तुझ्या शिलाईच्या दुकानातल्या बायका हसल्या. “रहा” म्हणणारी पहिली मी. चिन्ह मिळालं शिलाई मशीन, तेव्हा शालनबाई काजं करता करता म्हणाल्या होत्या, “आता देवाचीच मर्जी हाय म्हणायची.” एका प्रभागात चार जागा, चार रंग, चार बटणं. बायका एकच बटण दाबून बाहेर येतील म्हणून मी बुटाच्या खोक्याचं यंत्र केलं, त्यावर रंगीत कागद चिकटवले, आणि घरोघर जाऊन शिकवलं, की चारही दाबल्याशिवाय ते वाजत नाही. माझं नाव गेल्याच वर्षी गावाकडच्या, औशाच्या मतदार यादीतून इकडे आलेलं. इतकी वर्षं मोशीत राहून इथलं माझं ते पहिलंच मत होतं. मला त्याचं केवढं अप्रूप होतं!

मग गिरजाबाईंच्या घरचं हळदीकुंकू. शपथा नकोत, असं तू दहा वेळा म्हणालीस. पण गिरजाबाईंनी मोडका हात गळ्यात बांधलेला असतानाही खंडोबाचा भंडारा पुढे आणलाच. शाळेतल्या मतदानाच्या आपल्या खोलीत तुला मत देणाऱ्या चाळीस जणींची यादी होती, तुझ्यासकट. प्रत्येकीने चिमूट उचलली. मीही उचलली. तूसुद्धा उचललीस आणि म्हणालीस, “मला माझंच मत द्यायला शपथ कशाला?” किती हसलो होतो त्या दिवशी.

हरणार हे माहीतच होतं. त्यांच्याकडे पाचशे पोरं आणि जेवणावळी, आपल्याकडे एक मशीन. सगळ्या प्रभागात सहाशे अकरा मतं पडली, त्याचं मला कौतुकच वाटलं. पण तू खोलीवार आकडे लिहून आणलेस आणि आपल्या खोलीपुढे एकोणचाळीस दिसल्यावर तुझा चेहराच उतरला. बाहेरचं एकही मत नाही आणि घरचं एक कमी. हजारोंनी हरलेली बाई एका मतासाठी अशी रडते हे मी पहिल्यांदाच पाहिलं. “भंडारा उचलून कुणी खोटं बोललं,” एवढंच तू म्हणत होतीस.

आणि सगळ्यांच्या नजरा शालनबाईंकडे गेल्या. त्यांचा पुतण्या जयदीप समोरच्या पॅनेलच्या गाडीवर फिरत होता, आणि त्या पॅनेलच्या हळदीकुंकवातला स्टीलचा डबा त्यांच्या घरात होता. डबा तर गल्लीत निम्म्या घरांत आहे, माझ्याकडेही आहे, त्यात तूरडाळ ठेवलीय. पण पुतण्या त्यांचाच. त्या म्हणाल्या, “म्या भंडाऱ्याला हात लावून खोटं बोलंन व्हय गं? माजा धनी गेला त्याच्या आदी मी कदी देवाला फसवलं न्हाई, आता कशाला?” तू माझ्याकडे वळून विचारलंस, “दीपा, तुला काय वाटतं?” मी म्हणाले, “कुणाच्या मनात काय असतं, काय सांगावं.” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी तू त्यांचा हिशेब चुकता केलास. अकरा वर्षं तुझ्या दुकानात काजं-बटणं केली त्या बाईने. जाताना आपली कात्री ओच्यात बांधून नेली. मग तू अम्मींकडे गेलीस, दुकानाचं शटर खाली आलं.

आता मतदानाच्या दिवसाचं सांगते. आम्हा कंत्राटवाल्यांना सुट्टी दिली नव्हती. साडेतीनला बस मोशीत पोचली. मी धावत आले, राहिलेल्या सहा जणींना रिक्षात घालून शाळेवर पाठवलं, शालनबाई त्यांतच होत्या. मी म्हणाले, तोंड धुऊन आलेच. चप्पल घालत होते तेवढ्यात मागच्या अर्धवट इमारतीतून सुपरवायझरचा आवाज आला. दोन मिनिटांत घेऊन येऊ असं वाटलं. तिसऱ्या मजल्यावर कठडा नाही, जिन्याला कोबा नाही, आणि तो बाहेर काढलेल्या फळीवर बसलेला. मी हाका मारते आणि तो आणखी मागे सरकतो. खोटं कशाला सांगू, मी तिथे विटांवर बसून रडले. बोक्यासाठी नाही. महिनाभर सगळ्यांना हसून नमस्कार केले होते, कुणीतरी माझ्याकडे यावं, न बोलता मांडीवर बसावं, एवढंच मला हवं होतं. तो आला नाही. खाली उतरून शाळेशी पोचले तर पावणेसहा झालेले, फाटक बंद. पोलीस म्हणाला, “ताई, टाइम संपला, आता घरी जावा.” बोका दुसऱ्या दिवशी सकाळी आपला आपण आला, कानाचा तुकडा घालवून.

घरी येऊन मी कंपनीतल्या काळ्या मार्करने डाव्या बोटावर रेघ ओढली. संध्याकाळी तू सगळ्यांची बोटं उंच करून फोटो काढलास, त्यात माझं बोट सगळ्यांत पुढे आहे. मांजरामागे पळत होते म्हणून मत राहिलं, हे कोणत्या तोंडाने सांगणार होते? चाळीस जणींना शिकवणारी मी! वाटलं, एका मताने काय होतंय. तो आकडा असा कागदावर येईल हे डोक्यातच आलं नाही.

सोमवारपासून शालनबाई माझ्या बसमध्ये असतात. वय कमी सांगून चाकणला पॅकिंगच्या कंत्राटात लागल्यात. आठ तास उभं राहायचं, त्या अठ्ठावन्नच्या. एक थांबा आधी चढतात आणि माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवतात. सहा दिवस मी त्यांच्या शेजारी बसून गेले आणि सहाही दिवस सांगायचं ठरवून उतरले. काल त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली, म्हणाल्या, “साबियावर राग न्हाई माजा. कुणीतरी मत खाल्लंच की गं. तिला कुणावर तरी संशय येणारच.” ती भाकरी मी खाल्ली, साबिया. माझ्याने बोलवलं नाही म्हणून हे लिहिलं. त्यांना वाचता येत नाही, तेव्हा तू दुकान उघड, त्यांना बोलाव, आणि सगळ्या बायकांसमोर हे पत्र मोठ्याने वाच. माझं नाव गाळू नकोस.

अजून म्हणू देणार असशील तर तुझीच,
दीपमाला