डाव्या कानामागचे तीन घाव

उझुमासा, क्योतो
३ मार्च १९५३

चि. सौ. मासाए हिस ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र आणि सुकवलेलं माकूळ, दोन्ही पोचली. आधी पत्र वाचलं, खरंच सांगते.

इथे स्टुडिओत जुन्या काळातला नवा चित्रपट सुरू झालाय. सामुराईची बायको नवऱ्याच्या दुसऱ्या बाईपायी जळते, अशी गोष्ट. नायिकेचा केसांचा टोप आपल्याच घरून जायचा आहे. हे डोक्याच्या मापाची तांब्याची टोपी ठोकतात आणि तिच्यावर चढवायच्या रेशमात एकेक केस मी गुंफते, ते तर तू पाहिलंच आहेस. नायिका कोण, तर ओरिए-सान. वय सत्तावीस. माप घ्यायला दोन खेपा पुरतात. हे सहादा गेले. बोटांनी डोकं चाचपल्याशिवाय टोपी नीट बसत नाही, हे मलाही कळतं. पण काल जेवताना मिसोच्या कढणाच्या वाडग्यात बघत म्हणतात कसे, असं डोकं कारागिराच्या नशिबी एकदाच येतं. मी म्हटलं, लोणचं वाढू का?

बावीस वर्षांत माझ्या डोक्याबद्दल चकार शब्द नाही. आणि तिचं रूप मीच दिवसभर गुंफत बसायचं! मत्सर हे पाप, असं मदर आन्येस कॉन्व्हेंट शाळेत म्हणायच्या. त्यांना म्हणायला काय, नवरा कुठे होता!

वेडी म्हण, पण माया पातळ करू नकोस.
तुझी ताई,
शिझुए

नागासाकी
१५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

आधी पोट धरून हसले. भावोजी आणि प्रेमप्रकरण! तुझ्या लग्नात ते तुझ्याकडे बघायचं सोडून दाराच्या तांब्याच्या कडीकडे बघत होते. अगं, कुंभाराचा मडक्यावर जीव असतो, म्हणून तो मडक्याशी संसार मांडत नाही.

मग हसू थांबलं. खरं सांगू? शाळेत तुझी वेणी घालायला सिस्टर चढाओढ करायच्या आणि मी दाराआड रडायची. लोकांनी तुझा हेवा करायचा, तू कुणाचा नाही, अशी तुला सवय. म्हणून आता झेपत नाहीये. मी त्यात मुरलेली आहे, माझं ऐक. हवं तेवढं जळ, पण हात आवर.

थोरल्यांचं प्रेम असतंच, ते असू दे.
तुझी,
मासाए

क्योतो
९ एप्रिल

चि. सौ. मासाएस अ. आ.

हात आवर म्हणालीस, नेमका तेवढाच शब्द मोडला मी.

एका दुपारी हे न्हाणीघराकडे गेले होते. टोपी घडून तयार होती, रेशीम चढवायचं बाकी होतं. मी घरातली खिळे ठोकायची हातोडी उचलली आणि डाव्या कानामागे येते त्या जागी तीन ठोके घातले. आत तांदळाएवढा उंचवटा आला. वरून रेशीम मीच चढवलं.

सोमवारी नऊ तास तिने तो टोप घातला. तक्रार नाही. नवऱ्याच्या बाहीत दुसरीची फणी सापडते, तो प्रसंग होता. तिच्या चेहऱ्यावर अशी कळ उमटली म्हणे, की दिग्दर्शक उठून उभे राहिले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. टोप उतरवला, तर मानेवर रक्त.

यांनी टोपी उलटी करून आत बोट फिरवलं. मग सगळ्यांसमोर जमिनीला कपाळ लावून म्हणाले, चूक माझी, हात म्हातारा झाला. नायिकेचं काम दुसऱ्या कारखान्याकडे गेलं. यांच्याकडे आता गर्दीतल्या शिपायांचे टोप.

घरी एक शब्द नाही. आज सकाळी चहा दिला, तर आभार मानले. मासाए, हे कधी आभार मानत नाहीत गं! ओळखलं असेल का? सांगितलं तर या घरात राहीन का मी?

आता आशीर्वाद द्यायलाही लाज वाटते. तूच सांभाळ.
शिझुए

नागासाकी
१३ एप्रिल

ती. ताईस सा. न.

पत्र मिळताच सांगून टाक. पापाची कबुली दिल्यासारखं खाली बघून नको, त्यांच्या डोळ्यांत बघून सांग. घालवलं, तर इथे ये, खोली झाडून ठेवली आहे.

तुला दोष देत नाही. सहावीत असताना मी शिवणाची कात्री घेऊन तुझ्या मागे उभी होते. सिस्टर आत आल्या, म्हणून वेणी वाचली.

धाकटी असले तरी आज माझं ऐक.
मासाए

क्योतो
२० एप्रिल

चि. सौ. मासाएस अ. उ. आ.

खोली राहू दे, पाहुण्यांना होईल.

हे शिपायांच्या टोप्या ठोकत होते. मी समोर बसून सांगितलं. हातोडी थांबली नाही. म्हणाले, माझी हातोडी गोल तोंडाची, घाव चपटे होते. बोट लागताच कळलं. मग दोष का घेतलात, विचारलं, तर म्हणतात, घरातला घाव घराचाच. मग तांब्याकडे बघतच म्हणाले, बावीस वर्षं वाटायचं, मी घरात आहे की नाही हे हिला कळतं तरी का. मला रडू फुटलं. तर खेकसले, रडतेस काय, जाऊन तिची माफी माग, तिच्या डोक्याने तुझं काय वाकडं केलं होतं?

गेले. स्टुडिओच्या कारभाऱ्यांना मी आधी सगळं खरं सांगितलं. त्यांनी यांचं नायिकेचं काम काही परत दिलं नाही. मग ओरिए-सानच्या खोलीत गेले, कपाळ टेकलं. वाटलं, हाकलतील. त्यांनी दार लावून घेतलं, माझ्यासमोर गुडघे टेकून बसल्या आणि विचारलं, बाई, एवढं जळता येतं? म्हणाल्या, महिनाभर जळणाऱ्या बाईचं सोंग करतेय, पण ज्याच्यापायी हातोडी उचलावी असं मला कुणी भेटलंच नाही. सांगा ना, सुरुवात कुठून होते, छातीतून?

त्या ज्या नजरेने माझ्याकडे बघत होत्या ना मासाए, ती मला चांगली ओळखीची होती, शाळेपासूनची.

मी म्हटलं, नाही, बोटांच्या टोकांतून. त्यांनी हात पुढे केले आणि किती तरी वेळ आपली रिकामी बोटं बघत राहिल्या.

पाहुणी म्हणून मात्र बोलावलं नाहीस तरी येईन, तेव्हा जागा ठेव.
तुझीच,
ताई