क्लचवरचा ठोकळा

प्रिय एंडा,

पाकिटावरचं अक्षर माझं दिसलं म्हणून तू हे उघडलंस. तुझ्या भावाचं, मायल्सचं असतं तर चुलीत गेलं असतं, हे मला माहीत आहे आणि त्यालाही. फोन केला असता, पण फोनवर तू नुसता गप्प होतोस, आणि थेट टोरांटोहून येणारा तुझा तो अबोला ऐकत बसायचं बळ माझ्यात आता उरलेलं नाही.

आधी वाईट ते सांगून टाकते. मायल्सच्या स्वादुपिंडात गाठ आहे आणि ती पसरलीय. स्लायगोच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी ऑपरेशनचं नावसुद्धा काढलं नाही. गवत कापणीपर्यंत असतील, म्हणाले, पुढचं विचारू नका. घरी आल्यावर मी मोरीत तोंड धुण्याच्या निमित्ताने रडून घेतलं. तो रडला नाही. चहा संपवला आणि म्हणाला की बाबांचा ट्रॅक्टर परत आणायचा, आणि डोळे मिटायच्या आत आणायचा. मला वाटलं, औषधांनी डोकं फिरलं. तो करडा फर्ग्युसन! ज्याचं नाव या घरात इतकी वर्षं कोणी काढलं नाही!

शेत मायल्सला आणि ट्रॅक्टर एंडाला, हे तुमच्या बाबांनी सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं. ते गेल्यावर तू पैसे कमवायला लिव्हरपूलला गेलास, आणि तुझी पाठ वळते न वळते तोच ह्याने तो जत्रेत विकून टाकला. तू परत आलास, रिकामी शेड बघितलीस, आणि बॅगसुद्धा न उघडता निघून गेलास. का विकलास, असं मी लग्नानंतर एकदाच विचारलं होतं. तो उठून गोठ्यात गेला आणि जेवायलासुद्धा आला नाही.

तर जुन्या ट्रॅक्टरांच्या मासिकात ह्याने जाहिरात दिली. ढिगाने फोन आले, कारण करडे फर्ग्युसन पैशाला पासरी. पण हा प्रत्येकाला एकच विचारायचा, क्लचच्या पेडलवर लोखंडी ठोकळा आहे का? तुला आठवत असेल. तुझे पाय पोचत नव्हते म्हणून बाबांनी तो वेल्ड करून दिला होता, आणि मायल्सचा गुडघा दर वेळी स्टिअरिंगवर आपटायचा म्हणून तो तुला 'बुटक्या' म्हणून शिव्या घालायचा. शेवटी पार उत्तरेच्या समुद्रातल्या ऑर्कनी बेटांवरून मॅग्नस नावाच्या म्हाताऱ्याचा फोन आला. ठोकळा आहे, म्हणाला. इतक्या हातांतून फिरला तरी कोणी तो काढला कसा नाही? मॅग्नसने फोटो पाठवला तेव्हा कळलं. ट्रॅक्टरपलीकडे उभा असलेला तो गृहस्थ बोनेटच्या वर जेमतेम दिसत होता. एवढ्या दिवसांत मायल्स पहिल्यांदा हसला, ते त्या फोटोला.

सौदा फोनवरच झाला आणि तिथेच मोडता मोडता राहिला. आपल्याकडे विकणारा हातावर हात मारून मिळालेल्या पैशांतलं एक शकुनाचं नाणं परत देतो, नाहीतर घेतलेली वस्तू लाभत नाही. मायल्सने तेच मागितलं. मॅग्नसला वाटलं, ठरलेल्या भावात हा घासाघीस करतोय. त्याने फोन आपटला. यांचं एकमेकांचं इंग्रजी एकमेकांना कळेना, ते वेगळंच. मग मी फोन करून आपली रीत समजावली. तो बराच वेळ हं हं करत राहिला आणि म्हणाला, मग आधी नाही का सांगायचं, बाई.

आणायला आपला शेजारी जो गिलरेन गेला, स्वतःचा ट्रक घेऊन. वाऱ्यामुळे बोटी बंद, त्यामुळे तो मॅग्नसकडेच अडकला. मासे आणि बटाटे खाऊन तो माणूस तिकडे सुखात, आणि इकडे मायल्स खिडकीतून हलेना. सूपसुद्धा खाली उतरेना. रस्त्यावर कुठलंही इंजिन वाजलं की मान वर करायचा आणि परत टाकायचा. अंगावर नुसती हाडं उरली होती. मी देवाजवळ भांडत होते, एवढं तरी बघू दे त्याला. एका दुपारी खिडकीतच तो मला म्हणाला की ट्रॅक्टर त्याने पैशासाठी विकला नव्हता. तू तो घेऊन वेगळा संसार मांडशील, ही त्याला धास्ती होती. ट्रॅक्टरच नसला तर एंडा जाईल कुठे, असं त्याला वाटलं होतं. मला त्याचा इतका राग आला आणि इतकी दया आली, की मी उठून उगाच भांडी घासत बसले.

अखेर ट्रक फाटकात शिरला. जो गिलरेन उत्साहाने सीटवर चढला आणि ट्रॅक्टर फळीवरून खाली घेऊ लागला. सहा फुटांवर उंच माणूस तो! क्लच दाबायला पाय उचलला तर गुडघा स्टिअरिंगखाली अडकला, आणि ट्रॅक्टर थेट दूधघराच्या भिंतीवर. भिंत खचली, ट्रॅक्टरला ओरखडासुद्धा नाही. गिलरेन चिडून लोखंड कापायचा ग्राइंडर घेऊन आला, आधी हा ठोकळा उडवतो म्हणाला. आणि एंडा, माझ्या खांद्याशिवाय पलंगावरून न उठणारा मायल्स काठीशिवाय अंगण ओलांडून गेला आणि पेडलसमोर उभा राहिला.

"हात लावू नकोस त्याला," तो म्हणाला. "तो माझ्या भावाच्या पायाचा आहे."

जोने ग्राइंडर खाली ठेवला. ट्रॅक्टर शेडमध्ये लोटत नेला. तेव्हापासून त्याच्या सीटवर कोणी बसलेलं नाही.

हे सगळं मी का लिहिलं, ते आता सांगते. गावात हल्ली शेतकऱ्याची शवपेटी चर्चपासून कबरीपर्यंत त्याच्याच ट्रॅक्टरमागे ट्रॉलीवर नेतात, आणि चालवायला घरचंच माणूस लागतं. आम्हाला मूलबाळ नाही. जो गिलरेन तयार होता, फादर तयार होते, मायल्सने दोघांनाही नाही म्हणून सांगितलं. त्यासाठी तुझं नाव त्याने घेतलं नाही, घेणारही नाही, तुम्ही दोघे एकाच मातीचे. पण सीटखाली चिंधीत बांधलेलं मॅग्नसचं शकुनाचं नाणं सापडलं, तेव्हा त्याने ते माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, "हे मालकाला पाठव." ते या पाकिटाच्या तळाशी आहे. लगेच ये, एंडा. मला तू नुसता अंत्ययात्रेला नकोय, तिच्या आधी हवायस. मायल्स खिडकीत बसून असेल. तू ट्रॅक्टर शेडबाहेर काढून अंगणात एक फेरी मार, म्हणजे त्याला कोणी काही सांगायला नको.

वाट बघणारी, तुझीच वहिनी,
नुआला