खिडकीखालचा खोकला

तीर्थस्वरूप दाजी,

साष्टांग नमस्कार. (इथे माणशी दोन फूट रुंद जागा मिळत असल्याने साष्टांग घालायचा तर तीन अंगं शेजाऱ्याच्या अंथरुणात जातात, आणि शेजारी खुनाबद्दल आलेला आहे. तेव्हा बसल्या जागेवरूनच स्वीकारावा.) ताईचे गुडघे, तुमचा रक्तदाब आणि धाकट्या नातीचा पहिला दात यांची खुशाली कळवावी. ही पत्रं तुमच्याआधी तुरुंगातले एक साहेब वाचतात, त्यांनाही नमस्कार.

न वाचता सह्या केल्यामुळे मी इथे आलो, हे तुम्ही चारचौघांत सांगताच. आता त्यात भर घालावी: इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला आरोग्यमित्र केलं आहे. कैदी डॉक्टरांचं ऐकत नाहीत, शिपायांचं तर नाहीच. पण कैद्याचं ऐकतील, असा त्यामागचा शास्त्रार्थ. पाच दिवस शिकवलं, छातीवर हिरवा बिल्ला लावला आणि साठ जणांच्या बराकीत सोडलं. क्षयरोगावरचं माझं पहिलं व्याख्यान असं रंगलं की अर्धी बराक झोपली. (बावीस वर्षं संस्कृत शिकवलेल्याला यात नवं काही नाही.) उरलेल्यांतल्या एकाने, हा रोग झाला तर शिक्षा कमी होते का, एवढंच विचारलं.

जागे होते त्यांत एक जण मात्र सारखा खोकत होता. त्याला सगळे पैलवान म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली घेतात. तीन आठवडे झाले होते. बराकीला खिडक्या दोन आणि हवा साठ जणांत मिळून एकच. रोग असेल तर तो माणूस खोकल्यागणिक तो आम्हा सगळ्यांना वाटून देत होता. तपासणीच्या डब्या न्यायला मोठ्या दवाखान्याची गाडी शुक्रवारी येणार होती, त्यानंतर थेट पुढच्या महिन्यात. मी मंगळवारी त्याच्यासमोर डबी धरली आणि बेडका मागितला. त्याने डबी उलटसुलट पाहिली, माझ्याच खिशात घातली आणि खिसा वरून थोपटला. बरगडी बुधवारपर्यंत दुखत होती.

कारण न्हाव्याने सांगितलं. (तोही कैदीच, दाढी करताना सगळ्यांच्या मनातलं त्याला कळतं, कारण वस्तरा त्याच्या हातात असतो.) बराकीचा कायदा असा की डबी दिली तो आजारी, आजारी तो वेगळ्या खोलीत, आणि रिकामी जागा त्याच दिवशी दुसऱ्याची. पैलवानाची जागा खिडकीखाली आहे. ती मिळायला त्याला सहा वर्षं लागली. तिथून एक पत्र्याचं छप्पर आणि हातभर आभाळ दिसतं. माझ्या टिपणांत फुप्फुसं होती, जंतू होते, खिडकी नव्हती.

म्हणून गुरुवारी सकाळी मी भर बराकीत उभा राहिलो आणि जाहीर केलं की डबी देणाऱ्याची जागा तो परत येईपर्यंत कुणी घ्यायची नाही. पैलवान उठला आणि चालत माझ्यापर्यंत आला. साठ माणसांनी श्वास रोखला. (त्या परिस्थितीत तेच हितकारक होतं.)

"गुरुजी, जागेची हमी कोण घेणार?"

"मी घेतो."

"वजन किती तुमचं?"

"चोपन्न." (गेल्या वर्षी बासष्ट होतं, मी श्रेय इथल्या स्वयंपाकघराला देत होतो.)

"मग आधी तुम्ही थुंका."

मी थुंकलो. दाजी, बावीस वर्षांत माझ्या मुखातून बाहेर पडलेल्या कशाकडेही लोकांनी इतक्या आस्थेने पाहिलं नव्हतं. मग न्हाव्याने डबी मागितली, मग खुनवाल्या शेजाऱ्याने, आणि अकरावी, सगळ्यांकडे पाठ करून, पैलवानाने.

शुक्रवारी गाडी डब्या घेऊन गेली, त्यानंतरचे चार दिवस वाईट गेले. पैलवान खिडकीखाली बसून नखाने भिंतीचा रंग खरवडत राहिला, आणि माझी हमी किती किलोची आहे याचा विचार मी करत राहिलो. बुधवारी डॉक्टरीणबाई स्वतः कागद घेऊन आल्या. पैलवान उभा राहिला. त्याने खिडकीचा गज धरून ठेवला. मी ते पाहिलं नाही, असं मी त्याला सांगितलं आहे. बाई म्हणाल्या, हा खोकला विडीचा, विडी सोड. बाकीचे नऊ जणही ठीक निघाले. मग त्या माझ्याकडे वळल्या.

मला अधूनमधून खोकला होता, हे खरं. तो मी खडूच्या माथी मारत आलो. खडू हातातून सुटून चौदा महिने झाले.

सध्या मी वेगळ्या खोलीत आहे. सहा महिने गोळ्या नेमाने घेतल्या की माणूस बरा होतो, हे मीच साठ जणांना सांगून बसल्याने मला ते मानणं भाग आहे. बिल्ला पैलवानाने मागून घेतला. त्याचं व्याख्यान एका वाक्याचं असतं आणि त्यात कुणी झोपत नाही. माझ्या दोन फुटांवर तो कुणाला पाय ठेवू देत नाही म्हणे.

आपला (तूर्त तुमच्यापासून दूर आहे हेच बरं असा) मेहुणा

ता. क. ताईला हे पत्र वाचून दाखवताना खडूपासून पुढचं गाळावं.

आणखी ता. क. वरचं रद्द. ताईला सगळं सांगावं. गेल्या महिन्यात तुरुंगातून रजेवर आलो तेव्हा दहा दिवस मी तुमच्या पुढच्या खोलीत, तुमच्या शेजारी झोपलो, तेही खिडकी लावून, कारण तुम्हाला वारा बाधतो. दिवसभर नात माझ्या मांडीवर होती. तिच्या तोंडाशी तोंड नेऊन मी तिला शब्द शिकवत होतो. एवढं सगळं लिहिलं ते हे लिहिण्याचा धीर यावा म्हणून. उद्याच्या उद्या तिला आणि ताईला दवाखान्यात न्यावं, आणि तिथे तुम्हीही तपासून घ्यावं. आपल्या घराण्यात कुणी दवाखान्याची पायरी चढलं नाही हा तुमचा अभिमान मी जाणतो. पैलवानाचा भाऊ परवा त्याला भेटायला आला होता. तो त्याच्याहून वीतभर रुंद आहे. सोमवारी सकाळी तो तुमच्याकडे येईल. पत्ता मी दिला आहे, डबी पैलवानाने.