पप्पांच्या डाव्या हाताच्या नोंदी

चैत्राली,

पडती पट्टी पकडण्याच्या तुझ्या प्रयोगात पप्पांच्या वीस नोंदी होत्या, उजव्या हाताच्या दहा आणि डाव्याच्या दहा. डाव्याच्या तू काल खोडल्यास. "पप्पा मुद्दाम सोडतायत, मस्करी करतायत," म्हणालीस. आकडे पटले नाहीत म्हणून खोडायचे नसतात गं. आज सकाळी मी पुन्हा मोजलं. पप्पा हसून म्हणाले, "तुमची पट्टीच गुळगुळीत आहे." मी मात्र त्यांना सातपूरला कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला पाठवलं नाही, दवाखान्यात घेऊन चालले आहे. आई आली की लगेच फोन करायला सांग. तुझा प्रयोग चुकलेला नाही.

ताई

खोडलेल्या ओळींखाली आजचं लिही: उजवा हात, दहापैकी दहा वेळा पकडली. डावा हात, दहापैकी एकदाही नाही.