उर्वीचा गेम मी संपवला

६ जानेवारी, सोमवार
उर्वीने अखेर तो गेम दाखवला. पुण्याची नोकरी सोडून पोरगी पेणला घरात बसली, ती ह्यासाठी. नाव ‘उघाडी’. मिठागरातली हौसा नावाची बाई डोक्यावर टोपली घेऊन बांधांवरून उड्या मारते. भरती-ओहोटी बघून उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, फळ्या उघडायच्या-मिटायच्या, मिठाचा ढीग झाला की त्यावर चढून पलीकडे जायचं. झालं. मार्कसुद्धा नाहीत. गणिताच्या मास्तराच्या मुलीने हे करावं!

रोह्याच्या एका कंपनीत, लॅबमध्ये, तिच्यासाठी शब्द टाकलाय. ती म्हणते, बाबा, आधी खेळून बघा. पैज ठरली. रविवारपर्यंत मी गेम संपवला तर तो पोरखेळ, आणि ती रोह्याला जाणार. नाही संपला तर मी नोकरीचं नाव काढायचं नाही. म्हटलं, रविवार कशाला, उद्या दुपारी संपवतो.

७ जानेवारी, दुपार
पहिला टप्पा पार. वेळ लागला. फोनचा टच खराब आहे. कामाला येणारी रंभा डोकावून उर्वीला म्हणाली, ही बाय तर आमच्या खाडीकडची दिसतंय, पन उड्या कशाला मारते गो? माझाही तोच प्रश्न आहे.

८ जानेवारी
दुसरा टप्पा सदोष. भरती आली की मी लगेच उघाडी बंद करतो, तरी हौसा जागच्या जागी. आमच्या घराण्याने पिढ्यान्पिढ्या खारी जमीन सांभाळली. खारं पाणी आत शिरू द्यायचं नाही, हे मला कोण शिकवणार? ही मागून म्हणाली, अहो, ते भाताचं शेत नाही, मिठागर आहे ना? तिला म्हटलं, तू तुझ्या भाजीचं बघ.

१० जानेवारी
सकाळी खेळलो. दुपारी खेळलो. हिने दळण आणायला सांगितलं, पण वेळ नव्हता. हौसा तिथेच.

१२ जानेवारी, रविवार
संध्याकाळी उर्वीने विचारलं. संपवला म्हणून सांगितलं. तत्त्वतः संपल्यातच जमा आहे. एकदा मेथड कळली की पुढे नुसती आकडेमोड. तेवढा तपशील तिला द्यायची गरज नव्हती. ती माझ्याकडे बघत राहिली, मग बरं म्हणाली. कसा वाटला, एवढंही विचारलं नाही. आजकालच्या मुलांत खिलाडूवृत्ती म्हणून नाही.

१५ जानेवारी
उर्वी रोह्याला रुजू झाली. तिथेच मैत्रिणीबरोबर खोली घेतलीय. स्टेशनवर सोडायला गेलो, शिस्तीबद्दल चार शब्द सांगितले, तेवढ्यात गाडी आली. आता घरात शांतता. गेम उघडला, केवळ दोष काढण्यासाठी.

१९ जानेवारी
शोध लावला! चहाला उठलो, उघाडी उघडीच राहिली. येऊन बघतो तर खारं पाणी वाफ्यांत, उन्हाने आटून मीठ, आणि हौसा ढिगावर चढायला मोकळी. अर्थात मी मुद्दामच उघडी ठेवली होती. हिला सांगितलं तर ही हसत सुटली.

२५ जानेवारी
चौथा टप्पा. पोरीने एक गंमत केलीय. ओहोटीला हौसा टोपली खाली ठेवून पाय धुते. त्याचा पुढे काहीएक उपयोग नाही. तरी मी प्रत्येक वेळी तिला धुऊ देतो. काय सुंदर केलंय. उर्वीला अर्थातच कळवलेलं नाही. चढून बसेल.

२ फेब्रुवारी, रविवार
सकाळी सहावा टप्पा पार. हौसा मोठ्या बांधावर आली, समोर खाडी, आणि स्क्रीनवर अक्षरं: पुढचं बनवतेय. ऐन रंगात आलं होतं हो. लगेच रोह्याला फोन लावला, पुढचं कधी?

उर्वी म्हणाली, आता नाही बनवत बाबा. शिफ्ट करून आलं की डोळे मिटतात. मग म्हणाली, तुम्ही संपवला म्हणालात ना, तेव्हाच कळलं मला. तो अजून संपतच नाही.

मी म्हटलं, मग गेलीस कशाला? ती म्हणाली, तुम्ही माझ्याशी कधी खोटं बोलला नव्हतात. मनात म्हटलं, बाबांना माझं हे काम इतकं नको असेल, तर राहू दे.

मी म्हटलं, रेंज नाही, नंतर बोलू. रेंज चांगली होती.

हिला म्हटलं, रोह्याची ती कंपनी काही खास नाही म्हणतात. ही म्हणाली, जेवून घ्या.